बाकडं

मे महिन्यातली दुपार, लाईट गेलेली. घरात जीव घुसमटायला लागला म्हणून दारातल्या पायरीवर जाऊन टेकले आणि टेकल्या टेकल्या उठले. दुपारी दोन वाजता शहाबादी फरशीवर भाकरी भाजून निघेल, हे लातुरात जन्म काढलेल्या बाईला माहीत असायला पाहिजे. होतंच, पण उकाड्यात डोकं चालत नाही. तशीच उभी राहून अंगण बघितलं. स्कूटर, कढीपत्त्याची कुंडी आणि पाण्याच्या दोन टाक्या. आमच्या लातुरात पाण्याला आधी जागा, माणसाला नंतर. बसायला म्हणून काहीच नाही.

खुर्ची टाकता आली असती. पण दारात खुर्ची टाकून बसलेला माणूस कुणाची तरी वाट बघतोय असं वाटतं, नाहीतर निवडणुकीला उभा आहे असं. बाकड्याचं तसं नाही. तिथं उगाच बसता येतं.

रात्री जेवताना मी जाहीर केलं, की मी बाकडं करणार आहे.

"विकत मिळतं," आमचे हे म्हणाले.

"कर," आई म्हणाली. "पण उंच कर. बुटक्यावर बसले की मला उठवायला दोन माणसं लागतात."

लाकडाचा प्रश्न नव्हता. गावाकडं गोठ्यामागं माळवदाच्या तुळया पडून होत्या. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आमचं घर उभं राहिलं, भिंतीला मात्र हात जाईल एवढी भेग पडली. दगडमातीच्या जाड भिंती, लाकडी खांब-तुळया आणि वर मातीचा थर. तोवर हेच घर उन्हाळ्यात कसं गार असतं म्हणून आम्ही पाहुण्यांपुढं मिरवायचो. त्या पहाटेनं वरच्या मातीचं वजन सगळ्यांना कळलं. मग कितीतरी दिवस सगळं गाव अंगणात नाहीतर रानात झोपायला. पुढच्या उन्हाळ्यात अण्णांनी माळवद उतरवून पत्रे टाकले. तुळया विकायला मात्र त्यांचा हात धजला नाही.

त्यातली एक टेम्पोत घालून आणली आणि आरा मशीनवर नेली. चुलीच्या धुरानं काळी ठिक्कर पडलेली. मशीनवाल्या चाचांनी तिच्यावरून हात फिरवला. "आपा, कीला निकला तो पट्टा जाता मेरा," म्हणाले आणि अर्धा तास खिळेच शोधत बसले. अकरा निघाले. मग आरा फिरला आणि काळ्या सालीच्या आतून असं मधासारखं पिवळं सागवान उघडं पडलं, की रांगेतले दोघं-तिघं बघायला पुढं सरकले. तो तेलकट वास घरी पोचेपर्यंत माझ्या पदराला होता.

हा वास मला सुतारमामांच्या छपरातून माहीत. तिथं सागवान क्वचित, बाभूळच जास्त. मृगाच्या आधी औतं-तिफणी नीट करून घ्यायला लोकांची झुंबड, आणि मामांचं एकच उत्तर, "उद्या या." मी मात्र रोज जायची, कारण मला काम होतं. लाकडावर सरळ रेघ मारायची तर मामा कावेच्या पाण्यात सूत बुडवायचे आणि एक टोक माझ्या हातात द्यायचे. "दाबून धर. श्वास घेऊ नको." मग मधोमध दोन बोटांच्या चिमटीत सूत उचलून सोडायचे. टप्प! लाकडावर तांबडी रेघ, माझ्या नाकावर तांबडे ठिपके. श्वासाचा आणि रेघेचा काही संबंध नसतो हे मला फार उशिरा कळलं. अजूनही टेपनं काही मोजताना माझा श्वास आपोआप बंद होतो. सुतार हा शब्द सूत्रधारावरून आला म्हणतात. नाटकातले सूत्रधार पुढं पुष्कळ पाहिले, पण सूत धरणारी मीच.

अख्ख्या गावाला पाट, बाजा, पाळणे करून देणाऱ्या मामांच्या छपरात बसायला मात्र बाभळीचा एक ओबडधोबड ओंडका होता. त्याच्यावर सगळं गाव बसून जायचं. ओंडक्याला कधी रंधा लागला नाही.

माझ्या बाकड्याचा बेत साधा. लांबी 4 फूट, उंची 18 इंच, बसायला शेजारी शेजारी दोन फळ्या आणि मध्ये बारीक फट, कारण पावसाळ्यात लाकूड फुगतं. कुसू पाडून भोकात बसवायची माझी लायकी नाही, म्हणून स्क्रू आणि फेव्हिकॉल. दुकानदार म्हणाला, "मॅडम, साहेबांना पाठवा, त्यांना समजावून सांगतो." आमच्या साहेबांना स्क्रू आणि खिळा यातला फरक लग्नाला तीस वर्षं झाली तरी मी समजावतेय. आधी ड्रिलनं भोक पाडायचं, स्क्रूला साबण चोळायचा, मग तो जुन्या सागात मुकाट्यानं शिरतो. हे न करता मी तीन स्क्रूंची डोकी मोडली.

रंध्याचं सुख वेगळंच. रेषेच्या दिशेनं मारला की सुळकन गुंडाळी निघते, उलट मारला की लाकूड खरवडून निघतं. मी गुंडाळ्यांच्याच नादात फळी गरजेपेक्षा पातळ केली.

बाकडं उभं राहिलं आणि डगमगलं. एका पायाखालून पाव इंच कापलं, मग दुसरा पाय वर. तो कापला, तर तिसरा. चौथा कापून झाल्यावर जरा स्थिर वाटलं. कौतुकानं उचलून हॉलमधल्या टाईल्सवर ठेवलं तर चारी पाय चार दिशांना. म्हणजे बाकडं मुळात बरोबर होतं, वाकडी होती अंगणातली फरशी. आईनं पायांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "उंच कर म्हणलं होतं," एवढंच बोलली.

एका फळीला भोक आहे. लाकडाच्या भुश्यात फेव्हिकॉल कालवून ते बुजवायला घेतलं, तर आई म्हणाली, "राहू दे." तेव्हा लक्षात आलं, ही माजघरातली तुळई. या भोकात पाळण्याची कडी होती. त्या पाळण्यात आम्ही चौघं झोपलो. मोठे झालो तिघंच. लाकडी भुसा मी तसाच कुंडीत टाकला.

आता बाकडं अंगणात आहे, सकाळपासून भरलेलं. दूधवाला हिशेब तिथंच करतो, गॅसवाला सिलिंडर उतरवून दम खातो, शेजारची पोरं स्कूलबसची वाट बघत भोकातून पेन्सिली खाली सोडतात. खाली सावलीला कुत्रं. संध्याकाळी आई भुईमुगाच्या शेंगा घेऊन बसते, तिच्या दोन मैत्रिणी येतात, आणि टरफलं नेमकी त्या भोकातून खाली जातात, थेट कुत्र्याच्या अंगावर. त्याला सवय झालीय.

काल मी चहा घेऊन बाहेर आले. "सरका की गं जरा," आई दोघींना म्हणाली. दोघींनी हूं केलं, सरकलं कुणी नाही. मी पायरीवर बसले. सातच्या पुढं ती निवलेली असते.