काठावर पास

गेल्या मंगळवारी रात्री अडीचला उठले तर खंडू बेडरूमच्या दाराशी उभा. दार सताड उघडं होतं, पण हा उभा बिजागरीच्या बाजूला, फटीला नाक लावून. पलीकडून कुणी कडी काढेल म्हणून वाट बघत असावा तसा. किती वेळ उभा होता कुणास ठाऊक. मागचे पाय थरथरत होते. मी कमरेला धरून त्याला वळवलं, तर उघड्या दारातून बाहेर गेला, स्वयंपाकघरात एक चक्कर मारली आणि परत येऊन त्याच फटीशी उभा राहिला.

खंडू आता १४ वर्षांचा आहे. निम्मा लॅब्राडॉर, उरलेल्या निम्म्याबद्दल मतभेद आहेत. जर्मनीतल्या श्टुटगार्टला आलो त्याच्या दुसऱ्या वर्षी इथल्या टियरहाइममधून, म्हणजे टाकून दिलेल्या जनावरांच्या आश्रमातून आणला. कुत्रा खंडोबाचा, म्हणून नाव खंडू. शेजारी 'कांडू' म्हणायचे आणि तो दोन्ही हाकांना धावायचा. आता दोन्ही ऐकू येत नाहीत.

श्टुटगार्ट म्हणजे वाडगं. शहर तळाशी, घरं कडांवर, आणि वरखाली जायला जुन्या द्राक्षमळ्यांच्या काळापासूनच्या दगडी पायऱ्या. त्यांना इथे 'श्टेफेलं' म्हणतात आणि असे जिने ४०० च्या वर आहेत. एके काळी खंडू मला या पायऱ्यांवरून ओढत न्यायचा. मग पाय दुखायला लागले तेव्हा आम्ही मारियनप्लात्सवरून डेगरलोखला जाणारी दातेरी रुळाची रेल्वे धरली (१८८४ पासून चालू आहे, तिलाही वयाची सवय आहे) आणि वर जाऊन रानात फिरलो. आता रान राहिलं, घरचाच जिना डोंगर झालाय. तिसरा मजला, लिफ्ट नाही, ५४ पायऱ्या, आणि कुत्रा २६ किलोंचा.

यासाठी इथे दुकानात पट्टे मिळतात, हँडलवाले. आणला, त्याला काचला. शेवटी नवऱ्याचा अंघोळीचा पंचा कामी आला. पोटाखालून घालायचा, दोन्ही टोकं पाठीवर धरायची, आणि मागच्या पायांचं ओझं आपण घ्यायचं. घरात लाकडासारख्या दिसणाऱ्या फरशीवर त्याचे पाय फाकायचे, म्हणून बेडरूमपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत सोलापुरी चादरी अंथरल्यात. कडा चिकटपट्टीने बसवल्यात. आईने लग्नात दिलेल्या सहा चादरींपैकी चार अशा कारणी लागल्या, हे तिला सांगायला मी महिना घेतला.

संधिवातासाठी महिन्याला एक इंजेक्शन असतं. जनावरांच्या डॉक्टरांचे दर इथे सरकारी पत्रकानुसार ठरतात. नोव्हेंबर २०२२ पासून कुत्र्याच्या साध्या तपासणीचा मूळ दर २३.६२ युरो, कर वेगळा. डॉक्टर त्याच्या तिपटीपर्यंत लावू शकतात. रात्री-अपरात्री गेलात तर चौपटीपर्यंत, शिवाय ५० युरो तातडीचे. एवढं सांगून पैशांचा विषय संपवते, कारण नवरा हे वाचतो.

खरी भीती मला जिन्याची होती. या भागात 'केअरवॉखं' असते: दर आठवड्याला एका बिऱ्हाडाने जिना झाडायचा-पुसायचा. ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी लटकते. पहिल्या मजल्यावरच्या आजीबाई या बाबतीत फार कडक. आमच्या पहिल्या वर्षी त्यांनी कोपऱ्यातली धूळ बोटावर घेऊन मला दाखवली होती. आणि ऑक्टोबरात, त्यांची पाळी असताना, त्यांनी नुकत्याच पुसलेल्या पायऱ्यांवर खंडूला धरवलं नाही. धार दोन पायऱ्या खाली गेली. मी एका हातात पंचा, दुसऱ्या हातात खंडू, आणि त्या दार उघडून बघतायत. काही न बोलता आत गेल्या आणि बादली घेऊन आल्या. मला म्हणाल्या, "तुम्ही कुत्र्याला धरा." पुसून झाल्यावर एवढंच सांगितलं की व्हिनेगर वापरा, नाहीतर तो वासाने पुन्हा तिथेच करेल. आता पहिल्या मजल्यावर एक जुनी सतरंजी असते, खंडूला मध्ये टेकायला. कुणी ठेवली ते मी विचारलेलं नाही.

रात्रीच्या फेऱ्या, भिंतीकडे बघत बसणं, दिवसा झोप, रात्री जाग. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, माणसांना होतो तसा कुत्र्यांनाही स्मृतिभ्रंश होतो. फर्निचर हलवू नका, वेळा बदलू नका, रात्री मंद दिवा ठेवा. त्या रविवारी आईला फोन केला. ती सांगलीला असते, आणि कुत्र्याच्या लाडांबद्दल तिची मतं मला तोंडपाठ आहेत. या वेळी मात्र तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दिव्याची सावली भिंतीवर पडू देऊ नकोस. त्याला घाबरायच्या तुझ्या आजी. आणि रात्री उठला तर परत झोपवायच्या मागे लागू नकोस. एक चक्कर मारू दे त्याला. त्या म्हणायच्या, मला कवठ्याला जायचंय. मी त्यांना अंगणात एक फेरी मारून आणायची, कवठं आलं म्हणायची, की झोपायच्या."

आजी गेली तेव्हा मी नववीत होते. माझ्या खोलीचं दार रात्री बंद असायचं, अभ्यास म्हणून.

डॉक्टरीणबाईंनी एक कागदही दिलाय. अमेरिकेतल्या अॅलिस व्हिलालोबोस नावाच्या पशुवैद्य बाईंनी केलेला तक्ता. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त का, असे सात विषय, प्रत्येकी १० गुण. ३५ च्या वर असेल तर चालू ठेवायला हरकत नाही. ३५ बघून मी हसले. दहावी झालेल्या कुणालाही हसू येईल. इथे कायदा असा की सबळ कारणाशिवाय जनावराला मारणं गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास. म्हणजे मी दमले, हे कारण चालत नाही. त्याचं दुखणंच बोललं पाहिजे, आणि ते या कागदावर आम्ही बोलायचं. नंतरचेही नियम आहेत: स्वतःची बाग असेल तर पुरता येतं, वर किमान ५० सेंटिमीटर माती हवी. आमच्याकडे बाल्कनीत तीन कुंड्या आहेत, एकीत कढीपत्ता.

दर रविवारी आम्ही दोघं वेगवेगळे गुण देतो. नवरा सढळ परीक्षक. त्याचे ४१ येतात तिथे माझे ३६. 'आनंद' या विषयात त्याने एकदा ९ दिले, कारण खंडूने त्याच्या ताटातली पोळी पळवली होती. मी म्हटलं, पळवली नाही, तू हात खाली धरलास.

निकाल आईला फोनवर कळवायचा, ही पद्धत कधी पडली आठवत नाही. "किती?" एवढंच विचारते. या रविवारी मी ३४ सांगितले. पलीकडे मिक्सर चालू होता, तो बंद झाला.

"स्वच्छतेला किती दिलेस?"

"दोन."

"हगण्यामुतण्याचे मार्क कापू नकोस गं," ती म्हणाली. "त्यांचे मी कधी कापले नव्हते."