बाईंचा मागणीचा तास

आपल्या शाळेत नुसते ‘बाई’ म्हटले की कोण, हे या स्मरणिकेच्या वाचकाला सांगायला नको. अमृतमहोत्सवासाठी समितीने ‘शाळेच्या आठवणी’ मागवल्या आहेत. तेव्हा मैदान, कौलारू प्रयोगशाळा, गणिताचे सर, स्काउटची शिबिरे या सगळ्यांवर दोन-दोन ओळी यायला हव्यात. त्या इतरांनी लिहिल्याच असतील. माझे पान बाईंचे, आणि त्यातही त्यांच्या मराठीच्या एका तासाचे.

१९७८ साली दहावी ‘ब’मध्ये पत्रलेखन चालू होते. मागच्या बाकावरून प्रश्न आला, “बाई, लग्नासाठी मागणी घालायची असेल तर मायना काय लिहायचा?” प्रश्न उघडच खोडीचा. मुले फिदीफिदी हसली, मुलींनी माना खाली घातल्या. बाईंनी पुस्तक मिटले, फळा पुसला आणि म्हणाल्या, “पुस्तकात नाही, म्हणून शिकवते.”

वडिलांना तीर्थरूप, वडिलांच्या ठिकाणी असलेल्यांना तीर्थस्वरूप, धाकट्यांना चिरंजीव आणि अ. उ. आ. (अनेक उत्तम आशीर्वाद), वडीलधाऱ्यांना सा. न. वि. वि. (साष्टांग नमस्कार विनंती विशेष), बरोबरीच्यांना स. न. वि. वि. (सप्रेम नमस्कार विनंती विशेष), एवढे सर्वांना पाठ होते. जिला मागणी घालायची ती मात्र यांतल्या कुठल्याच रकान्यात बसेना. ‘प्रिय’ लिहिले तर उत्तर येण्याआधीच हक्क सांगितल्यासारखे होते. ‘चि. सौ. कां.’ हे लग्नपत्रिकेतले. मागणीच्या पत्रात ते लिहिणारा मनाने मुहूर्तापर्यंत पोचलेला असतो आणि मुलीला तो घाईचा वास पहिल्याच ओळीत येतो. बाईंनी फळ्यावर लिहिले, ‘कुमारी अमुक यांस, स. न. वि. वि.’ खाली पत्रभर ‘तुम्ही’. एरवी अगं-तुगं असले तरी या एका पत्रात ‘तुम्ही’च.

मग मुख्य मुद्दा. घाबरलेला माणूस प्रश्न शेवटी लिहितो. आधी हवापाणी, मग परीक्षा, मग तीनदा ‘गैरसमज नसावा’, आणि आंतरदेशीय पत्राची (घडी घालून चिकटवायच्या एकाच कागदाची) जागा संपली की कडेच्या कोऱ्या पट्टीत, कागद आडवा धरून, लग्नाचे. वाचणारीला तिथवर येताना कळतच नाही की हा पैसे उसने मागतो आहे की कुणाच्या आजारपणाचे सांगतो आहे. बाईंचा नियम असा की चौथ्या ओळीपर्यंत प्रश्न आला पाहिजे, आणि तो प्रश्नचिन्हासकट आला पाहिजे. ‘तुमच्याविषयी मला आदर वाटतो’ हा प्रश्न नव्हे. ‘माझ्याशी लग्न करण्याचा विचार तुम्ही कराल का?’ हा प्रश्न. त्यातही ‘लग्न कराल का’ असे न विचारता ‘विचार कराल का’ असे विचारावे, कारण पहिल्याचे उत्तर देणे कुणालाही एका पत्रात जड जाते.

प्रश्नानंतर माहिती, तीही न मागता. वय, शिक्षण, नोकरी कायम की तात्पुरती, पगार कापून हातात किती येतो, घर स्वतःचे की भाड्याचे, खोल्या किती, घरात माणसे किती, कोणत्या बहिणीचे लग्न व्हायचे आहे, डोक्यावर कर्ज आहे का, घरात कुणाला मोठे दुखणे आहे का, लग्नानंतर तिने नोकरी करण्याबद्दल आपले आणि आपल्या आईचे म्हणणे काय. ही दोन म्हणणी वेगळी असली तर ती वेगळीच लिहायची. रूपाची स्तुती एक ओळसुद्धा नाही. ‘तुम्ही नाही म्हणालात तर मी कुणाशीच लग्न करणार नाही’ हे वाक्य बाईंनी फळ्यावर लिहून त्यावर मोठी फुली मारली. त्या म्हणाल्या, “ही मागणी नाही, धमकी आहे.”

आणि शेवटी नकाराची सोय. हा भाग मला आजही सर्वांत मोलाचा वाटतो. पत्रातच लिहायचे की पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर मी नकार समजेन, पुन्हा विचारणार नाही आणि कुणाकडे बोलणार नाही. पत्र जाऊन-येऊन आठवडा धरला तरी विचाराला आठवडा उरतो. पावसाळ्यात आणि दिवाळीत मुदत महिन्याची ठेवावी, कारण टपाल रेंगाळते. ‘उलट टपाली कळवा’ असे कधीही लिहू नये. ‘कळावे’ चालेल, ‘लोभ असावा’ नको. तो असेल तर पुढच्या पत्रात.

इथे तास संपायला हवा होता. बाईंनी मात्र मुलींना उत्तर लिहायला लावले आणि लगोलग मुलांनाही तेच लावले. नकाराचे उत्तर तीन ओळींचे: पत्र मिळाले, माझा विचार नाही, तुम्हाला शुभेच्छा. कारण द्यायचे नाही. कारण दिले की समोरचा ते दूर करायच्या मागे लागतो. पगार कमी म्हटले तर बढतीची वाट पाहायला लावतो, गाव लांब म्हटले तर बदलीचा अर्ज करतो. ‘तुम्ही मला भावासारखे’ असेही लिहायचे नाही, मग राखीपौर्णिमेला दारात उभा राहतो. पुष्कळ मुलांना तो नकार लिहिता येईना. कुणी अर्धे पान माफी मागितली, कुणी आशा ठेवली. बाईंनी वह्या तपासून प्रत्येक ‘सध्या तरी’ लाल शाईने खोडला.

टपालाची बाजूही त्यांनी सोडली नाही. पोस्टकार्ड अर्थातच नाही, ते पोस्टमनपासून शेजारणीपर्यंत सगळे वाचतात. रजिस्टर तर मुळीच नाही. त्याला सही लागे, सहीला दारात माणूस बोलावत आणि घरभर ‘कुणाचं आलं?’ सुरू होई. साधे आंतरदेशीय पत्र बरे, पण त्यात काही घालू नये. तसे त्याच्यावर छापलेलेच असते, तरी लोक वाळलेले फूल किंवा पासपोर्ट आकाराचा फोटो सारतात. ते पोस्टात हाताला लागले की पत्र नॉटपेड होते आणि कमी पडलेल्या रकमेची दुप्पट घेणाऱ्याकडून वसूल करतात. म्हणजे पैसे मुलीचे वडील भरणार, आणि पैसे भरलेले पत्र कोणता बाप न वाचता देईल? फोटो द्यायचाच तर लिफाफा घ्यावा आणि पोस्टात वजन करून तिकिटे लावावीत. आंतरदेशीय पत्राच्या डिंकाच्या कडेशी दोन बोटे जागा सोडावी, नाहीतर उघडताना शेवटची ओळ आणि सही फाटून जाते. बॉलपेनने लिहावे, दौतीतली शाई पावसात फुटते. पाठवणाऱ्याचा पत्ता पूर्ण हवा. तो नसला आणि पत्र पोचले नाही, तर ते पोस्टाच्या परत-पत्र कार्यालयात उघडले जाते. पिनकोड येऊन तेव्हा थोडीच वर्षे झाली होती (१९७२ चा स्वातंत्र्यदिन ही त्याची सुरुवात), सहा चौकोन कोरे ठेवणारे पुष्कळ होते. बाई त्याचा गुण कापत.

रात्री लिहिलेले पत्र सकाळी वाचल्याशिवाय पेटीत टाकायचे नाही, हे त्यांनी दोनदा सांगितले.

तोंडी विचारण्याबद्दल त्या थोडेच बोलल्या, पण नेमके. एसटी स्टँडवर विचारू नये. गाडी लागली की उत्तर अर्धे राहते आणि उरलेले अर्धे दोघेही आपापल्या सोयीने धरून चालतात. सायकलवर, स्कूटरवर, गावाबाहेरच्या टेकडीवर नको. जिथून ती आपल्या पायांनी, आपली मदत न घेता घरी जाऊ शकते अशी जागा निवडावी. माणसे दिसत असावीत, ऐकत नसावीत. सार्वजनिक वाचनालयाचा व्हरांडा त्यांना पसंत होता. धाकट्या भावाच्या हातून चिठ्ठी द्यायची नाही. त्याला नंतर आयुष्यभर गोळ्या-बिस्किटे पुरवावी लागतात.

होकार आला तर दुसरे पत्र तिच्या वडिलांना, आणि तेही तिने ‘आता लिहा’ म्हटल्यावरच. आधी मुलगी, मग बाप. १९७८ साली आमच्या तालुक्यात हा क्रम वर्गात मोठ्याने सांगणे सोपे नव्हते, एवढे नव्या वाचकांसाठी नोंदवतो. तिथेही मायन्यात ‘तीर्थरूप’ चालणार नाही, ते नाते अजून जुळलेले नाही, ‘श्री. अमुक यांसी, सा. न. वि. वि.’ पुरे. मुलीशी बोलणे झाले आहे हे लपवायचे नाही, पण पत्रे कधीपासून चालली आहेत त्याचा हिशेबही द्यायचा नाही. पत्रिका सोबत जोडायची नाही. ती मागितली तर द्यावी. मात्र ३६ पैकी १८ गुण जुळले नाहीत तर काय करायचे, हे दोघांनी पत्रिका हातात पडण्याआधी ठरवलेले असावे. नंतर ठरवायला बसले की घरातले सगळे ठरवायला बसतात.

आणि घरच्यांनी नाहीच म्हटले तर १९५४ चा विशेष विवाह कायदा. हे त्या तासाला नाही, पुढे शाळा सोडल्यावर त्यांच्याकडे गेलेल्यांना त्या सांगत. दोघांपैकी एकजण निदान ३० दिवस ज्या जिल्ह्यात राहिला आहे, तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची. ती कार्यालयाच्या फलकावर लागते, म्हणजे गुपित संपले असे धरूनच चालावे. आक्षेपाचे ३० दिवस उलटल्यावर विवाह लावता येतो, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांत तो झाला नाही तर नोटीस बाद होऊन पुन्हा पहिल्यापासून. साक्षीदार तीन लागतात. लोक दोन घेऊन जातात आणि तिसरा कार्यालयाच्या दारात शोधतात. मुलाला २१, मुलीला १८ पूर्ण हवीत, आणि इथे घोळ होतो तो शाळा सोडल्याच्या दाखल्याचा. आपल्या पिढीत निम्म्या वर्गाची जन्मतारीख १ जून, कारण शाळेत नाव घालायला आलेल्या आजोबांना खरी तारीख ठाऊक नसे. कागदावर वर्ष पुढे सरकले असेल तर खऱ्या एकविशीत कागदी विशीच असते. नावांचेही तसेच. दाखल्यावर ‘बेबी’, रेशनकार्डावर दुसरे. म्हणून बाई म्हणत, मागणी घालण्याआधी स्वतःचा दाखला काढून बघा.

त्यांच्या विद्यार्थ्यांच्या अशा लग्नांत तिसरी सही बाईंची असे. मी हे दाद म्हणून नव्हे, दस्तऐवज म्हणून लिहितो. प्रमाणपत्रांवर ती सही आहे. सही करताना त्या वधूला बाजूला घेऊन एकच विचारत, “तुला विचारलं होतं ना?”

माझी पत्नी याच शाळेची, माझ्या मागच्या वर्गांतली. माझे पत्र तिच्याकडे आहे आणि प्रश्न चौथ्या ओळीत आहे, याहून जास्त इथे लिहायची मला परवानगी नाही.

निवृत्तीनंतर मी वधू-वर मेळाव्यांसाठी मुलामुलींचे बायोडाटा तपासून देतो. संगणकावर सुंदर छापलेले असतात, वरती गणपती, खाली ‘अपेक्षा: अनुरूप’. पगार वर्षाचा लिहितात, हातात येणारा लिहीत नाहीत. कर्ज तर कुणालाच नसते! व्हॉट्सॲपवर मागणी घालणारी मुलेही भेटतात. दोन निळ्या खुणा उमटल्या की दहा मिनिटांत ‘मग?’ असा दुसरा निरोप जातो. विचाराला आठवडा देण्याची रीत त्यांना कुणी शिकवलेलीच नाही. दहावीच्या पत्रात आता खाली ई-मेल पत्ता लिहितात म्हणे. त्याला माझी हरकत नाही, पण त्या नमुन्यात नकार कसा लिहायचा हे कुठे आहे?

म्हणून महोत्सव निधीत मी दिलेल्या रकमेपुरती एक विनंती मुख्याध्यापकांकडे लेखी दिली आहे. त्या व्याजातून दरवर्षी दहावीच्या प्रत्येक तुकडीसाठी आंतरदेशीय पत्रे घ्यावीत. पोस्टात ती अजून मिळतात. मराठीच्या शिक्षकांनी एक तास मागणीच्या पत्राला द्यावा आणि दुसरा उत्तराला. दुसरा तास वेळ नाही म्हणून गाळायचा असेल तर पहिलाही घेऊ नये. बाईंच्या त्या फळ्याची मी वहीत उतरवून घेतलेली प्रत सोबत जोडली आहे.