तुम्ही विचारलंत म्हणून: चिलापी भूगोलाच्या तासाला कशाला?

पालकसभेत, शिक्षकांच्या खोलीत आणि तपासणीच्या दिवशीही मला हमखास विचारले जाते, की मासे आणि जलपर्णी हा विज्ञानाचा भाग असताना बाई भूगोलाचा तास त्यात का घालवतात? आजवर "नदीप्रणाली अभ्यासक्रमात आहे ना" एवढे सांगून मी सुटका करून घेतली. ते खोटे नव्हते, अपुरे होते.

भीमा नदीवरच्या उजनी धरणाच्या काठच्या आमच्या शाळेत काही वर्षांपूर्वी मी फळ्यावर दोन रकाने आखले. 'परके' या रकान्यात दक्षिण अमेरिकेतून आलेली जलपर्णी आणि मूळची आफ्रिकेतली, १९५२ मध्ये भारतात आणलेली चिलापी (तिलापिया मासा) लिहिली. 'आपले' या रकान्यात मरळ, वाम, कटला, रोहू. चिलापी स्थानिक माशांना कशी हुसकावते, हे मी जरा आवेशानेच सांगितले. दुसऱ्या दिवशी एका मुलीचे वडील शाळेत आले. धरणात जाळे टाकून पोट भरणारा माणूस. त्यांच्या लेकीने रात्री ताटातली चिलापी बाजूला सारली होती. ते चिडले असते तर मला सोपे गेले असते. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, हिची वह्या-पुस्तकं चिलापीवरच येतात. ती परकी, बरं. पण मग कटला कुठला? त्याचं बीज तर गाडीतून येतं आणि धरणात सोडतात."

कटला-रोहू गंगेच्या खोऱ्यातले. भीमा कृष्णेला मिळते, हे मुलांकडून वर्षानुवर्षे घोकून घेणाऱ्या मी माशांपुढे मात्र खोरे विसरून देशाची सीमा आखली होती.

उत्तर मला उशिरा सुचले. कटल्याच्या विणीला पुराचे वाहते पाणी लागते, म्हणून साचलेल्या पाण्यात त्याचे बीज पुन्हा पुन्हा सोडावे लागते. चिलापी मात्र तळाशी खळगे करून, अंडी तोंडात सांभाळून, वर्षातून अनेकदा आपली आपण वाढते. परके असणे वेगळे आणि उपद्रवी असणे वेगळे. उत्तर बरोबर आहे, पण ते ऐकून त्या माणसाने बाजारात काय विकावे? शिवाय हे साचलेले पाणी माणसानेच १९८० मध्ये अडवलेले, आणि जलपर्णी पोसली जाते ती पुण्याकडून वाहत येणाऱ्या सांडपाण्यावर.

मासा श्वास कसा घेतो, ते विज्ञानाच्या तासाला खुशाल शिकवावे. तो कोणत्या खोऱ्यातून, कोणाच्या गाडीतून, कोणत्या धरणात आला, हे माझ्याच तासाला बसते. आता मी रकाने आखण्याआधी मुलांकडून भीमेचे खोरे काढून घेते, तरी ते गृहस्थ बाजारात भेटले, की हसून विचारतात, "मॅडम, कटल्याचं काय ठरलं?"