मारातले माळरान

ताई आणि मी, आम्ही दोघी बहिणी, गेल्या ऑगस्टमध्ये नऊ दिवस केनियाला जाऊन आलो. परत आल्यापासून बोरिवलीच्या आमच्या सोसायटीत जो भेटतो तो पहिला प्रश्न एकच विचारतो, ‘सिंह दिसला का?’ सिंह दिसला. एकूण तेवीस दिसले, आणि ताईने ते वहीत तारखेनिशी मांडून ठेवले आहेत. परंतु लिहायला बसल्यावर मला आधी आठवते ते तिथले गवत. आमचे माहेर सोलापूर जिल्ह्यातले. लहानपण माळावर गेले, आणि पुढची तीस वर्षे मुंबईत राहून तो माळ मी जवळजवळ विसरले होते. तो मला विषुववृत्ताच्या थोडा खाली, मसाई माराच्या पठारावर पुन्हा भेटला.

तयारीविषयी थोडक्यात सांगते, कारण अनेकांनी विचारले आहे. पीतज्वराची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, ती ठरावीक केंद्रांवरच मिळते, आणि तिचे प्रमाणपत्र परतताना आपल्या विमानतळावरही दाखवावे लागते. साठी ओलांडलेल्यांना ही लस देण्यापूर्वी डॉक्टर प्रकृतीची बारकाईने चौकशी करतात. ताई 66 वर्षांची असल्यामुळे तिची चौकशी इतकी लांबली की शेवटी तिनेच डॉक्टरांना धीर दिला. दुसरी गोष्ट थंडीची. आफ्रिका म्हणजे ऊन, या समजुतीने आम्ही सुती कपडे भरले होते. पण नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे 1,800 मीटर उंचीवर आहे आणि ऑगस्टच्या पहाटे तिथे स्वेटरशिवाय बाहेर पडता येत नाही. तिसरी गोष्ट पिशव्यांची. केनियात 2017 पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर कडक बंदी आहे, त्यामुळे ताईने प्लास्टिकमध्ये बांधलेला चिवडा, चकल्या आणि मेतकूट आदल्या रात्री पुन्हा उलगडून जुन्या साडीच्या कापडी पिशव्यांत भरले गेले. मेतकूट त्या पिशवीतून प्रवासभर थोडे थोडे सांडत राहिले.

मुंबईहून नैरोबीचे थेट विमान साधारण सहा तासांत पोहोचते आणि घड्याळ अडीच तास मागे घ्यावे लागते. शहराला अगदी लागून 1946 साली स्थापन झालेले, 117 चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान आहे, आणि त्यातून पुलावरून रेल्वे जाते. राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीत राहण्याचे कौतुक आम्हा बोरिवलीकरांना कोणी सांगायला नको, तरी इमारतींच्या रांगेसमोर चरणारा जिराफ पाहून आम्ही दोघी गप्प झालो.

आमच्या गाडीत आम्ही सहा जण होतो. आम्ही दोघी आणि ठाण्याचे एक चौकोनी कुटुंब. आमचे चालकच मार्गदर्शक होते. त्यांनी पहिल्याच सकाळी ताईला अदबीने ‘मामा’ म्हणून हाक मारली आणि ती दचकली. स्वाहिलीत ‘मामा’ म्हणजे आई, आणि वयाने मोठ्या स्त्रीला तसे संबोधणे हा तिथला शिष्टाचार आहे, हे कळल्यावर तिने ते पद स्वीकारले. पण ‘आता मला भाचे शोधायला हवेत’ असे मराठीत पुटपुटलीच. गाडीला ते ‘गारी’ म्हणत, दुकानाला ‘दुका’ आणि सरकारला ‘सेरिकाली’. सफारी हा शब्दही आपल्या सफरीचाच भाऊ आहे. अरबीतून तो इकडेही आला आणि तिकडेही गेला. स्वाहिलीत त्याचा अर्थ नुसता प्रवास इतकाच होतो, त्यात प्राणी दिसलेच पाहिजेत अशी अट नाही.

ही अट आपण घालतो. ठाण्याच्या कुटुंबातल्या दहा वर्षांच्या मुलाजवळ छापील यादी होती: सिंह, हत्ती, रानम्हैस, गेंडा, बिबट्या. या पाचांना ‘बिग फाइव्ह’ हे नाव शिकाऱ्यांनी दिले, आणि त्यामागे आकाराचा विचार नव्हता. पायी शिकार करताना जे पाच प्राणी सर्वांत धोक्याचे ठरत, ते हे पाच. शिकारीचा काळ सरला, तरी यादी पर्यटनाच्या माहितीपत्रकांत येऊन बसली. चार प्राण्यांवर खुणा झाल्या आणि बिबट्या शेवटपर्यंत दिसला नाही. मुलगा हिरमुसला. आमच्या घरापासून काही मिनिटांच्या अंतरावर बिबटे राहत असल्यामुळे आम्हाला मात्र त्याचे फारसे दुःख झाले नाही.

पहिला मुक्काम अंबोसेलीला होता. किलिमांजारो हा 5,895 मीटर उंचीचा पर्वत टांझानियात आहे, पण त्याला पाहावे ते केनियातल्या अंबोसेलीतून, आणि तेही पहाटे. नऊ वाजता ढग येऊन त्याला झाकून टाकतात. पर्वतावरचे पाणी जमिनीखालून झिरपत येऊन इथल्या दलदलींत वर येते, म्हणून चहूकडे पांढरी, खारट धूळ उडत असतानाही मधोमध हिरवेगार पट्टे दिसतात आणि हत्ती त्यांत पोटापर्यंत उतरतात. बाहेर आलेला हत्ती खाली काळा आणि वर धुळकट करडा असा दुरंगी दिसतो. इथल्या हत्तींचा अभ्यास 1972 पासून सुरू आहे आणि एकेका कुटुंबाच्या पिढ्यान् पिढ्यांची नोंद ठेवलेली आहे.

एक हत्तीण रस्त्यापासून पंधरा पावलांवर चरत होती. आखूड गवताचा झुबका तिने पुढच्या पायाच्या नखाने ठोकरून सैल केला, सोंडेने उपटला आणि तोंडात घालण्यापूर्वी तीन वेळा गुडघ्यावर आपटला. मुळांची माती झडली, मग घास तोंडात गेला. पुन्हा झुबका, पुन्हा तीन वेळा आपटणे. ‘आईसुद्धा मेथी अशीच झटकायची,’ ताई म्हणाली. आम्ही तिथे चाळीस मिनिटे थांबलो आणि त्या वेळात हत्तीण फार तर दहा पावले सरकली असेल.

नकुरूला एकच दिवस होतो आणि त्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. जमिनीतल्या प्रचंड भेगेमुळे तयार झालेले ग्रेट रिफ्ट व्हॅलीचे खोरे वरच्या कड्यावरून भव्य दिसते. नकुरू सरोवराचे पाणी गेल्या काही वर्षांत इतके वाढले आहे की काठची झाडे पाण्यात उभी राहून वाळली आहेत. पाणी वाढले तशी त्याची क्षारता घटली आणि रोहित पक्ष्यांचे खाद्य असलेले शेवाळ कमी झाले, म्हणून जुन्या छायाचित्रांतला गुलाबी काठ आता तिथे शोधू नये. पांढरे गेंडे मात्र जवळून दिसले. रुंद, चौकोनी ओठ जमिनीला लावून ते हिरवळ कापण्याच्या यंत्राप्रमाणे सरळ रेषेत चरत जातात.

मग मारा. हे राखीव क्षेत्र 1,510 चौरस किलोमीटरचे आहे आणि दक्षिणेला ते टांझानियातल्या 14,763 चौरस किलोमीटरच्या सेरेंगेटीला जोडलेले आहे. मधली सरहद्द ओळखायला गवतातला एखादा दगड सोडला तर काही खूण नाही, आणि विल्डबीस्ट या गायीसारख्या दिसणाऱ्या हरणांच्या कळपांना ती खूण मान्य नसते. सुमारे 13 लाख विल्डबीस्ट आणि त्यांच्यासोबत लाखोंनी झेब्रे वर्षभर या प्रदेशात गोल फिरत राहतात. साधारण फेब्रुवारीत दक्षिण सेरेंगेटीच्या आखूड गवतावर त्यांची वासरे जन्मतात. तिथली जमीन ज्वालामुखीच्या राखेची असल्यामुळे गवतात कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर असते, जे दूध पाजणाऱ्या मादीला हवे असते. परंतु कोरड्या महिन्यांत तिथे पाणी उरत नाही, म्हणून कळप उत्तरेला, जास्त पावसाच्या माराकडे सरकतात.

या चरण्यालाही क्रम आहे, आणि तो समजल्यापासून माझे माळाकडे पाहणेच बदलले. उंच, जाडाभरडा गवताचा वरचा भाग झेब्रा खातो, कारण त्याची पचनसंस्था निकृष्ट चारा मोठ्या प्रमाणात झटपट पुढे ढकलते. त्याने शेंडे खुडले की खालची पाने उघडी पडतात आणि ती विल्डबीस्ट खातात. त्यांच्यामागून येणारे थॉमसनचे हरीण जमिनीलगतचे कोवळे फुटवे वेचते. आमचे चालक दुर्बीण डोळ्याला न लावताच, नुसत्या गवताच्या उंचीवरून, कोणत्या अंगाला कोण असेल ते सांगत आणि बहुतेकदा बरोबर ठरत. दूर एकेकटी उभी असलेली झाडे पाहून ताईने मात्र त्यांच्याआधी नाव घेतले, ‘अगं, हे तर हिंगणबेट!’ आणि ते हिंगणबेटच होते. आमच्या गावाच्या ओढ्याकाठी होते तेच.

नदी ओलांडण्याचे दृश्य ‘हमखास’ दाखवण्याचे आश्वासन आम्हाला मुंबईत मिळाले होते. कोणाकडून ते लिहीत नाही. पण विल्डबीस्टच्या वतीने हमी देण्याचा अधिकार कोणाला असतो, हे मला समजलेले नाही. मारा नदीच्या काठावर आम्ही साडेचार तास बसलो. पलीकडे दोन-तीन हजारांचा कळप जमला, मागून येणारे पुढच्यांना रेटू लागले, एक झेब्रा उतार उतरून पाण्यापर्यंत आला, त्याने नाक लावले, आणि तो वळला. त्याच्यामागे सगळे वळले. असे तीनदा झाले. खालच्या वाळूत मगरी ओंडक्यांसारख्या पडून होत्या. मात्र या नदीत विल्डबीस्टचे सर्वाधिक बळी मगरी घेत नाहीत. गर्दीत चेंगरून आणि प्रवाहात बुडून वर्षाला सरासरी सहा हजारांहून अधिक प्राणी मरतात, आणि त्यांच्या मांसावर गिधाडे व मासे, तर हाडांतून वर्षानुवर्षे सुटणाऱ्या फॉस्फरसवर नदीतले शेवाळ पोसले जाते. साडेचार वाजता कळप पांगून चरू लागला. ताईने वहीत लिहिले, ‘आज विचार बदलला. (त्यांनी.)’

माझी तक्रार दुसऱ्या दिवसाविषयी आहे. वारुळावर एक चित्ता मादी तीन पिल्लांसह बसली होती. बातमी बिनतारी यंत्रावरून पसरली आणि अर्ध्या तासात तिच्याभोवती सतरा गाड्या जमल्या. काही तर रस्ता सोडून गवतात घुसल्या. चित्ता दिवसा शिकार करतो, त्यामुळे पर्यटकांची आणि त्याची वेळ एकच असते. ती उभी राहिली, चिमणीसारखा बारीक आवाज काढून तिने पिल्लांना बोलावले, हरणांच्या दिशेने चालू लागली, आणि दोन गाड्या नेमक्या मध्ये आल्या. हरणे उधळली, ती पुन्हा बसली. गर्दीच्या भागातल्या चित्ता माद्यांची पिल्ले कमी जगतात, असे मारामधल्याच संशोधनात दिसले आहे, आणि ते आमच्यासमोर घडत होते. आमच्या चालकांनी गाडी वळवली. ठाण्याच्या कुटुंबाला ते आवडले नाही, आणि खरे सांगायचे तर वळताना मीही मागे पाहत राहिले, कारण आपल्या देशातून 1952 सालीच नामशेष घोषित झालेला तो प्राणी, ज्याचे नावही मूळचे आपल्याच भाषांतले, मी पहिल्यांदाच उघड्यावर पाहत होते.

राखीव क्षेत्राच्या बाहेर लाल शुका पांघरलेले मसाई गुराखी दिसत, आणि त्यांच्या हातातल्या काठ्या पाहून मला आमच्याकडचे धनगर आठवत. माराच्या कडेला अनेक मसाई कुटुंबांनी आपापल्या जमिनी एकत्र करून वन्यजीवांसाठी भाड्याने दिल्या आहेत; त्यांना दरमहा ठरलेली रक्कम मिळते, आणि नियम पाळून गुरेही चरतात. गवताला तिथे भाव आहे. आमच्या गावच्या सातबाऱ्यावर माळाची नोंद ‘पोटखराब’ अशी आहे.

शेवटच्या सकाळी, सूर्य नुकताच वर आलेला असताना, आखूड गवतातून एक मोठा पक्षी सावकाश चालत आला. मान ताठ, पाठ तपकिरी, प्रत्येक पाऊल मोजून टाकलेले. चालकांनी नाव सांगितले, कोरी बस्टर्ड. नर 15 किलोंहूनही अधिक वजनाचा होतो आणि उडू शकणाऱ्या सर्वांत जड पक्ष्यांत त्याची गणना होते. ताईने दुर्बीण माझ्या हातातून काढून घेतली. ‘माळढोक,’ ती म्हणाली. तिचे फारसे चुकलेले नव्हते; शास्त्रात दोघांची प्रजाती एकच, जाती वेगळ्या. वडील आम्हाला बैलगाडीतून नान्नजच्या बाजूला घेऊन गेले होते तेव्हा तिथले अभयारण्य जाहीर व्हायचे होते. ते 1979 साली झाले. त्या दिवशी आम्हाला चार माळढोक दिसले होते, असे ताई सांगते. मला एकच आठवतो. आता संपूर्ण देशात दीडशेच्या आसपास उरले आहेत आणि त्यातले बहुतेक राजस्थानात आहेत. इतर सर्वांना पुढे सिंहांकडे जायचे होते, म्हणून आम्ही पाच मिनिटांची मुदत मागून घेतली. पक्षी तेवढ्यात एका वारुळाआड गेला.

संध्याकाळी तंबूबाहेर बसून ताई मोज्यांत अडकलेली कुसळे काढत होती. तिथले लाल गवत आणि आपले कुसळी गवत वेगवेगळे, पण कुसळाची तऱ्हा तीच, पीळ दिलेली, टोकाला अणकुचीदार. तिने एक कुसळ तळहातावर ठेवले, बाटलीच्या झाकणातून पाण्याचा एक थेंब त्यावर सोडला आणि हात माझ्यापुढे धरला. क्षणभर काही झाले नाही. मग पीळ सुटू लागला आणि ते कुसळ तिच्या तळहातावर हळूहळू गोल फिरले.