समुद्रमेथी, रात्री आठनंतर

गुरुवार, रात्रीचे साडेनऊ

दादरला गाडी बदलायच्या आधी पाच मिनिटं खाली उतरले आणि समुद्रमेथीच्या जुड्या घेतल्या. चिमुकल्या, मुळांसकट, वाळूने माखलेल्या. "मुळं तेवढी उडव, बाकी काही करू नकोस," भाजीवाली मावशी म्हणाली. मला हे सांगायची गरज नव्हती, पण ऐकायला बरं वाटलं.

कामावरून आल्यावर पालेभाजी नको वाटते त्यात शिजवण्याचा काही दोष नसतो. वेळ खातं ते निवडणं. म्हणून तर लेडीज डब्यात बायका मांडीवर पिशवी पसरून मेथी निवडत येतात. समुद्रमेथी मात्र डब्यात काढायची सोय नाही, शेजारणीच्या साडीत वाळू जाईल. आणि काढायची गरजही नाही. किनाऱ्याच्या वाळूत दाणे पेरून कोवळी असतानाच उपटतात, त्यामुळे देठ टाकावे लागत नाहीत. जुडी बांधलेलीच धरायची, मुळांकडून कापायची, झालं.

खरं काम धुण्याचं. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घेऊन भाजी त्यात सोडायची, हलवायची आणि हाताने वर उचलून घ्यायची. पातेलं चाळणीत उपडं केलं की तळाला बसलेली वाळू परत भाजीवरच येते. तळ स्वच्छ दिसेपर्यंत पाणी बदलत राहायचं. इथे आळस केला तर जेवताना दाताखाली कचकच, आणि मग घरात कोणी महिनाभर या भाजीचं नाव काढू देत नाही.

पुढचं सगळं सात-आठ मिनिटांत. दोन चमचे तेल, ठेचलेल्या सात-आठ लसूण पाकळ्या, दोन हिरव्या मिरच्या, एक कांदा बारीक चिरून. कांदा नुसता मऊ होऊ द्यायचा, लाल नाही. मग मोठ्या आचेवर भाजी. मीठ लगेच घालायचं नाही. कढईभर ढीग बघून हात सैल सुटतो आणि भाजी बसली की खारट. आधी आळू द्यावी, मग अंदाज घ्यावा. शेवटी मूठभर ओलं खोबरं. कडवटपणा घालवायला साखर घालणारे लोक आहेत, आमच्या नात्यातही आहेत. त्यांनी दुधी करावा.

झाकण ठेवायचं नाही, यावर मी अडून बसते. आई म्हणायची "झाकलीस की काळी पडते" आणि तिचं बरोबर होतं. पानं तापली की त्यातली आम्लं सुटतात. कढई उघडी असेल तर त्यातली बरीचशी वाफेबरोबर निघून जातात. झाकणाखाली तीच परत भाजीत ठिबकतात, हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निसटतं आणि हिरवा रंग शेवाळी होतो. सोडा टाकून रंग टिकतो हे खरं, पण भाजीचा लगदा होतो आणि क जीवनसत्त्व जातं. लिंबूही आम्लच, रंग घालवतं, म्हणून कढईत नको, ताटात पिळावं. पालेभाजीतलं लोह अंगी लागायला त्याची मदत होते.

आज वरण-भात, ही भाजी, भाजलेला पापड. लेकीने भाजी भातात कालवून खाल्ली, म्हणजे पसंत पडली. नवरा कढईत डोकावून म्हणाला, "एवढीच?" हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था मोठ्या माणसाला रोज १०० ग्रॅम हिरवी पालेभाजी सांगते. ते वजन कच्च्या भाजीचं असतं, आणि शिजल्यावर ती वाटीच्या तळाशी जाते. तेव्हा त्याची तक्रार रास्त आहे. पुढच्या वेळी दुप्पट जुड्या घेईन आणि मुळं कापायला त्यालाच बसवीन.