जांभळं कापड

"काका, गुड फ्रायडे तोंडावर आला अन् तुम्ही क्रूसच झाकून रायले?"

स्टुलावर उभे असलेले काका लगेच बोलले नाहीत. बोलणार कसे, ओठांत टाचण्या धरलेल्या! आडव्या दांडीवर कापडाची चुणी नीट बसवली, टाचणी खोचली, मग म्हणाले, "लोकं रोज पाह्यतात ना जी. पाहून पाहून दिसणं बंद होते."

मैत्रिणीसोबत सदरमधल्या चर्चमध्ये सहज डोकावले होते. बाहेर नागपूरचं ऊन, सांगायला नको. पण काकांचं वाक्य घरी येईस्तोवर डोक्यातून जाईना.

रीत जुनी आहे. ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या (लेंटच्या) पाचव्या रविवारपासून कॅथलिक चर्चमधले क्रूस आणि पुतळे जांभळ्या कापडाने झाकतात. गुड फ्रायडेच्या उपासनेत क्रूसावरचं कापड तीन टप्प्यांत उतरवतात. पुतळे मात्र ईस्टरच्या आदल्या रात्रीपर्यंत तसेच. १९७० च्या नव्या मिस्सलनंतर, म्हणजे चर्चच्या उपासनाविधीच्या पुस्तकानंतर, सक्ती उरली नाही, त्यामुळे सगळीकडे दिसेलच असं नाही. पूर्वी याच रविवारी बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानातला तो प्रसंग वाचत: लोक मारायला धोंडे उचलतात आणि येशू लपून मंदिराबाहेर निघून जातो.

मला आईने ग्रहणात देवघरावर टाकलेलं वस्त्र आठवलं. पण तिथे देवाला जपायचं असतं. इथे भक्ताच्या नजरेलाच उपास! आपल्या उपासाला निदान साबुदाणा तरी असतो.

दोन आठवडे आवडतं काही डोळ्यांआड ठेवायचं, तेही सणाच्या ऐन तोंडावर. जमेल आपल्याला?