बोट कलते, पण तळ कोरडा! : माझा अनुभव

"बोट पाण्याबाहेर काढा, ट्रेलरवर चढवा, फोटो पाठवा, मग बघू." ज्या कारखान्याने आमच्या बोटीच्या तळाचं फायबरचं काम करून लेखी हमी दिली होती, त्यांचं हे एकच उत्तर. मला त्याचा राग अजून आहे. बोट पाण्यावर कलते. ट्रेलरवर चढवली की ती सरळच दिसणार, फोटोत काय येणार?

बोट 21 फुटी, फायबरची. पुढे छोटी केबिन, मागे आउटबोर्ड इंजिन. चुलतभावाने आणि मी ती कोकणातून सेकंडहँड घेतली. हिवाळ्यात हतनूर धरणाच्या बॅकवॉटरमध्ये, चांगदेवच्या तापी-पूर्णा संगमाकडे पक्षी बघायला जायचं, एवढाच हेतू. वाहतूक, परवानगी, इंजिन हे सगळं सुरळीत झालं, म्हणून त्यावर लिहीत नाही. पाण्यात उतरवल्यावर थोड्याच दिवसांत ती डाव्या अंगाला झुकायला लागली. बिल्जचं (बोटीच्या तळाशी पाणी गोळा होतं त्या जागेचं) झाकण उघडून हात घालावा, तर खडखडीत कोरडं. पंप लावला तर नुसती हवा ओढतोय.

हमीच्या अर्जात 'बंदराचं नाव' असा रकाना होता. मी 'हतनूर जलाशय, जि. जळगाव' लिहिलं, तर अर्ज 'बंदर लिहा' म्हणून परत. फोनवर सांगितलं की ते आत साचलेलं पावसाचं पाणी असेल. मी म्हटलं, बोट पावसाळा सरल्यावर उतरवली आहे. मग म्हणाले, चाखून बघा, खारट लागलं तर गळती, नाही तर पाऊस. समुद्रात ही युक्ती बरोबर आहे. इथे तापीचं पाणी गोड, पावसाचं गोड, पिण्याच्या टाकीचंही गोड. धरणात बोट चालवणाऱ्याने या सल्ल्यावर वेळ घालवू नये.

आम्ही आधी पाहिलं ते एवढंच, की बोट नेहमी एकाच बाजूला कलते की कधी इकडे, कधी तिकडे. दोन्हीकडे कलंडत असेल तर दोष वेगळा असतो, वजन फार वर गेलेलं असतं किंवा आत मोकळं पाणी हिंदकळत असतं. आमची कायम डावीकडेच. म्हणजे डावीकडे काहीतरी जड होतं. बॅटरी मधोमध, पेट्रोलची टाकी मधोमध, नांगर पुढे. (ज्यांच्या बोटीत दोन बाजूंना दोन टाक्या आहेत, त्यांनी मधला व्हॉल्व्ह आधी बंद करून बघा. तो उघडा राहिला की इंधन उताराच्या बाजूला वाहतं आणि कल वाढतच जातो.)

कल नुसत्या डोळ्याने ठरवू नका. गवंड्याकडची पाण्याची लेव्हल नळी आणली आणि बोटीच्या दोन्ही काठांना धरली. वीतभर फरक. ओळंब्यानेही जमतं: 1 मीटर दोरीचं टोक 5 सेंमी सरकलं तर कल साधारण 3 अंश. माणसं, सामान सगळं उतरवूनच मोजा.

मग चुलतभावाने पाण्याचे 20 लिटरचे जार आणले. 1 लिटर पाणी म्हणजे 1 किलो, हिशेब सोपा. डावीकडे वजन जिथे असावं असं वाटत होतं, मध्यापासून तेवढ्याच अंतरावर उजव्या बाजूला एकेक जार ठेवत गेलो. सहाव्या जारला नळीतलं पाणी दोन्हीकडे सारखं झालं. डाव्या कुशीत 120 किलोच्या आसपास काहीतरी लपलेलं होतं, आणि तेही बिल्जमध्ये उतरत नव्हतं.

ही चाचणी व्हिडिओसकट पाठवली. उत्तर आलं, 'ट्रेलरवरचे फोटो जोडावेत.'

बोट वर काढली. तळाचं बूच उघडलं, थेंब नाही. फोटो पाठवले, त्यावर शेरा आला, 'दोष आढळत नाही.' मला खरोखर ओरडावंसं वाटलं. काठावरचे नावाडी दादा हे सगळं बघत होते. त्यांनी डाव्या बाजूवर बोटांच्या पेरांनी ठोकत ठोकत मागे नेलं. पुढे पोकळ आवाज, मागच्या बाकाखाली आल्यावर मातीच्या भरल्या रांजणासारखा बद्द. "पानी इथंच बसून राह्यलं, भाऊ. निघाले वाटच नाई त्याले."

आमच्या बोटीला आतून फायबरचं अस्तर आहे. बाहेरचं कवच आणि हे अस्तर यांच्यामध्ये फट असते, आणि तिथलं पाणी बिल्जमध्ये यावं म्हणून खाली छोटी भोकं ठेवतात. बाकाखालच्या अस्तराला आम्ही वरच्या भागात गोल झरोका पाडला (नंतर तिथे फिरवून लावायचं झाकण बसवलं). आत पाणी, आणि तळाशी बोटभर काळा गाळ. तो गाळ पूर्णेचा. विदर्भाच्या काळ्या रानातून ती तो घेऊन येते, आणि इथल्या प्रत्येकाला तो ओळखू येतो. पावसाचा प्रश्न तिथेच मिटला. बिल्जकडे जाणारं भोक कारखान्याच्या नव्या रेझिनने बुजलेलं होतं.

आता पाणी शिरतं कुठून? 25 मिमीचं सरळ भोक पाण्याखाली 30 सेंमी असेल, तर मिनिटाला 40 लिटरच्या पुढे पाणी आत येतं. आमची बोट सावकाश भरत होती, म्हणजे भोक नव्हे, झिरपा. केळीच्या बागेतला फवारणी पंप आणून बाहेरून पाणी मारलं. यात क्रम महत्त्वाचा: खालून वर यायचं, एका वेळी एकच जोड भिजवायचा, आत एकाने टॉर्च घेऊन बसायचं. वरून सुरुवात केली तर ओघळ सगळीकडे जातो आणि काहीच कळत नाही. कडेच्या रबरी पट्टीतून काही आलं नाही. मग मागच्या भागातलं पाणी बाहेर सोडणाऱ्या नळीचं बाहेरचं तोंड चिंध्यांनी बंद केलं आणि वरून खाण्याचा लाल रंग घातलेलं पाणी ओतलं. झरोक्यात लाल धार दिसली. नळी क्लिपपाशी चिरली होती.

नळीचं तोंड रिकाम्या बोटीत पाण्याच्या जरा वर असतं. मागे दोन-तीन जण बसले की ते बुडतं आणि चिरेतून पाणी अस्तरामागे जातं. थोडं साचलं की बोट कलते, मग तोंड बुडालेलंच राहतं. रिकाम्या, उभ्या बोटीत शोधणाऱ्याला हे कधीच सापडलं नसतं.

जळगावच्या एका फायबर कारागिराने, जो एरवी टाक्या आणि कूलर दुरुस्त करतो, बुजलेलं भोक मोकळं करून दिलं. नळी नवी, जाड भिंतीची, दोन्ही टोकांना स्टेनलेसच्या दोन-दोन क्लिपा. बाहेरच्या जोडाला साधं सिलिकॉन लावू नका, पाण्याखाली ते सुटतं. पॉलियुरेथेन सीलंट घ्या. आता गवंड्याच्या लेव्हल नळीतलं पाणी दोन्ही काठांना सारखं येतं, आणि ते बघताना मला अभिमान वाटतो.

कारखान्याचं शेवटचं पत्र आलं की, अस्तराला भोक पाडल्यामुळे हमी रद्द. म्हणून कापण्याआधी त्यांना लेखी कळवा, ठोकल्याचा आवाज आणि लेव्हलचा व्हिडिओ तारखेसकट ठेवा. लपलेलं पाणी आहे असा नुसता संशय असला तरी कुणाला घेऊन खोल पाण्यात जाऊ नका. मोकळं पाणी वळणावर एकदम खालच्या बाजूला धावतं आणि बोट सावरायला वेळ देत नाही.

आणि हे आधीच लिहायला हवं होतं: तळाचं काम करून घेतलंत, तर ताबा घेताना दोन्ही बाजूंना अस्तरामागे बादलीभर पाणी ओतायला लावा. ते बिल्जमध्ये आलेलं डोळ्यांनी दिसलं, की मगच उरलेले पैसे द्या.